लिव्हरला लेबल वाचता येत नाही

शुक्रवार संध्याकाळ. लॅपटॉप बंद, बाइक चालू, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून थेट ‘बसायला’! सहा वर्षं हा माझा नेम होता. पण मी काही दारुडा नव्हतो हं. फक्त बिअर, तीही वीकएण्डला. दारुडे म्हणजे गावाकडचे मामा.

आमचा धाराशिव जिल्हा उसाचा. मामा कळंब तालुक्यातले, साखर कारखान्यावर कामाला. उसाची मळी आंबवून अल्कोहोल कसं काढतात, हे लहानपणी त्यांनीच मला समजावलं होतं. स्वतः मात्र रोज देशी घ्यायचे.

दिवाळीत भेटायला गेलो. हातपाय काटक्या, पोट टम्म, डोळे पिवळे. मामी हळूच म्हणाली, ‘‘पोटात पाणी झालंय रे.’’ लिव्हर सिरॉसिस.

मामांनी विचारलं, ‘‘तू बी घेतूस म्हणं?’’

‘‘फक्त बिअर, मामा.’’

ते हसले. ‘‘आरं, पोटात गेल्यावर लेबल राहतंय व्हय?’’

पुढच्याच महिन्यात ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं. सोनोग्राफीचा रिपोर्ट : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. वय वर्षे ३१!

मग इंजिनीअरने करायचं तेच केलं. हिशेब! ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल. ३० मिलीच्या व्हिस्कीत सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग. माझा कोटा दोन बाटल्यांचा. लिव्हर तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम निपटवतं. म्हणजे शुक्रवारची पार्टी लिव्हरच्या लेखी शनिवारी सकाळपर्यंत चालूच. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ... काहीही करा, ते घाई करत नाही.

या ओव्हरटाइममध्ये लिव्हर अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष बनवतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. तोवर चरबी जाळायचं रोजचं काम पेंडिंग. ती चरबी तिथेच साठते. वर चखना आणि आपली खुर्चीवरची नोकरी! पुढे सूज, मग व्रण, मग सिरॉसिस. आणि दुखत काहीच नाही. हीच तर गोम आहे.

डॉक्टर म्हणाले, ‘‘चरबी उतरते. व्रण सहसा जात नाहीत. तुम्ही अजून वेळेत आहात.’’

मामा नव्हते. फाल्गुनात गेले. एकदा त्यांनी दारू एकदम सोडून पाहिली होती, तर हात थरथरायला लागले, झोप उडाली, भ्रम झाला. रोजच्या पिणाऱ्याला सोडतानाही डॉक्टर लागतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही फक्त त्यांना नावं ठेवली.

आता शुक्रवारी मी जातो, पण सोडा आणि मसाला पापडवर. ‘‘एकाने काय होतंय?’’ मित्र विचारतात. मी मनातल्या मनात ग्रॅम मोजतो आणि बाटली फिरवून लेबल वाचतो. लिव्हरला वाचता येत नाही ना, म्हणून.