सोलर बंबाचं कोटेशन

बंगळुरूत कुठल्याही चारमजली इमारतीवरून खाली पाहा. प्रत्येक गच्चीवर एक आडवी टाकी आणि तिच्यापुढे तिरक्या मांडलेल्या काळ्या काचेच्या नळ्या दिसतील. 2007 साली कर्नाटक सरकारनं ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, त्याचा हा परिणाम आहे. पण सक्ती नसती तरी लोकांनी तो बसवला असता. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, सकाळी गार पाण्यानं अंघोळ करायची इच्छा वर्षातले फार थोडे महिने होते आणि ऊन भरपूर आहे. आमच्या कराडच्या घरात तांब्याचा बंब होता, त्यामुळे मी या यंत्रालाही बंबच म्हणतो. इथले मराठी लोक हसतात, पण कळतं सगळ्यांना.

फौजी माणसाला बंबाची किंमत ठाऊक असण्याचं कारण नसतं. खडकवासल्याला पहाटे जे पाणी नळाला येईल त्यात उरकायचं. लडाखला बुखारीवर पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा, त्यातून प्रत्येकाला एक मग. आणि सरकारी क्वार्टरमध्ये गीझर बिघडला की एमईएसच्या तक्रारवहीत नोंद करायची. बिल कुणाच्या नावानं फाटतं ते आपल्यापर्यंत येत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत गरम पाण्याचं कोटेशन माझ्या हातात पहिल्यांदा आलं ते गेल्या नोव्हेंबरात, आणि तेही स्वतःच्या घराचं नव्हे.

बायकोची मावशी विद्यारण्यपुरात राहते. मावसासरे बीईएलमध्ये होते, निवृत्तीच्या आधी त्यांनी तिथं दुमजली घर बांधलं. ते जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी पुण्याला, वरच्या मजल्यावर आयटीतली दोन मुलं भाड्यानं. मावशींचा फोन आला. "जावईबापू, गच्चीवरची टाकी गळतेय. कंपनीचा माणूस साडेशहाऐंशी हजार सांगतोय. तुम्ही लष्करात एवढी खरेदी करता, जरा बघा हा लुटतोय का."

"लुटतोय का" या प्रश्नाला नुसता आकडा ऐकून उत्तर देता येत नाही. साडेशहाऐंशी हजार कशाचे, हे आधी कळायला हवं. कागदावर चारच ओळी होत्या: सिस्टीम, ॲक्सेसरीज, इन्स्टॉलेशन, टॅक्स. वाचून एवढंच समजत होतं की कागद रंगीत आहे.

आमच्याकडे खरेदीच्या बोर्डावर बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक गोष्ट घोटवलेली असते. लिफाफे उघडण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवायचा. संरक्षण खरेदीची नियमपुस्तिका 2009 ची होती, नवी याच नोव्हेंबरात लागू झाली. किंमत वाजवी आहे की नाही ते कसं ठरवायचं यावर तिच्यात पानंच्या पानं आहेत. त्यातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग हाच. सर्वांत कमी बोली लावणारा, म्हणजे एल-वन, तो वाजवी असेलच असं नाही. तिघंही महाग असू शकतात. समोरचा आकडा एकदा कानावर पडला की आपलं मन त्याच्याच आसपास घिरट्या घालतं आणि त्यातून पाच हजार कमी झाले की आपण खूश. इथे एक आकडा कानावर पडून गेला होता, म्हणून मी तो कागद मावशींच्या पोथीखाली ठेवायला सांगितला आणि रविवारी गच्चीवर गेलो.

टाकी दोनशे लिटरची, बारा वर्षांची. बाहेरचा पत्रा खालून गंजलेला आणि इन्सुलेशन भिजून फुगलेलं, म्हणजे गळती जोडाची नव्हती, आतल्या टाकीचीच होती. अशा टाकीला वेल्डिंग करून देणारे भेटतात. मावशींचा जुना प्लंबरही साडेचार हजारांत करून द्यायला तयार होता. पण आतून क्षारांनी खाल्लेला पत्रा एका जागी सांधला की शेजारी फुटतो. म्हणजे टाकी बदलणं आलं.

नळ्या मात्र मी एकेक पाहिल्या. हे कुणालाही जमतं, म्हणून सविस्तर सांगतो. नळी दुहेरी काचेची असते, दोन काचांमध्ये निर्वात पोकळी. नळीच्या बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप दिसतो, तो बेरियमचा. पोकळीत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. चंदेरी म्हणजे नळी जिवंत, पांढरी म्हणजे गेली. वीसपैकी सतरा जिवंत होत्या. "नळ्या सगळ्या संपल्यात" असं मावशींना सांगितलं गेलं होतं, ते खरं नव्हतं. अर्थात त्यानं फारसा पैसा वाचत नाही, हेही सांगतो. प्रत्येक कंपनीच्या टाकीच्या भोकांमधलं अंतर वेगळं असतं आणि जुन्या नळ्या नव्या टाकीत बसतीलच असं नाही. पण सांगणारा किती नीट पाहतो, ते त्यावरून कळलं.

मग गरजेचा हिशोब. बादलीभर, म्हणजे वीस लिटर कोमट पाणी. तेवीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायला अर्धं युनिटसुद्धा वीज लागत नाही. मावशी एकट्या. त्यांच्या अंघोळीचा विजेचा खर्च, करासकट साडेसहा रुपये युनिट धरला तरी, दिवसाला तीन-साडेतीन रुपये. वर्षाला बाराशेच्या आसपास. एकट्या माणसासाठी चाळीस हजारांचा सोलर बसवला तर तो फिटायला तीस वर्षांहून जास्त लागतील, आणि टाकी बारा वर्षांत जाते. नुसत्या मावशींचा विचार केला तर कुठलाही सोलर महागच. आठ-दहा हजारांचा गीझर पुरे.

पण वरची दोन मुलं शॉवर घेतात. शॉवरला पन्नास लिटर सहज जातं, म्हणजे माणशी जवळजवळ एक युनिट. तिघांचं मिळून दिवसाला अडीच युनिट. पावसाळी ढगाळ दिवस वजा केले तरी वर्षाला पाच हजार रुपयांची वीज वाचते, आणि मुलांच्या भाड्यात गरम पाणी धरलेलं आहे. आता अडतीस-चाळीस हजारांचा सोलर सात-आठ वर्षांत फिटतो. मी वहीत लिहिलं: दीडशे लिटर पुरे, दोनशे घेतला तर छत्तीस ते चाळीस हजार, सगळं धरून. खाली तारीख टाकली. सवय.

दीडशेचा आकडा मावशींना सांगितला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन कॉफी टाकली. कॉफी देताना म्हणाल्या, "म्हणजे आता मी एकटीच, म्हणून टाकीही लहान." मे महिन्यात पुण्याहून मुलगी, जावई, नातवंडं येतात. दोन्ही बाथरूम सकाळी आठपर्यंत चालू असतात, आणि तेव्हा पाणी कमी पडलं असं या घरात कधी झालेलं नाही. दीडशे आणि दोनशेतला फरक साडेतीन-चार हजारांचा होता. मी वहीतलं "दीडशे" खोडलं. गरज काय आहे ते वापरणाऱ्यानं सांगायचं असतं, बोर्डानं नव्हे. हाही नियमच आहे, बोर्डावर बसलेले बहुतेक जण विसरतात एवढंच.

आता पोथीखालचा कागद बाहेर काढला आणि त्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. पोरगा सव्वीस-सत्तावीसचा, हुबळीकडचा, मोडकं मराठी बोलणारा. फसवणारा वाटला नाही. घरात तीन बाथरूम, म्हणून त्यानं तीनशे लिटर धरले होते. माणसं किती, हे विचारलंच नव्हतं. (आमच्याकडेही माणसं न मोजता हुद्दा पाहून सोयी ठरतात, त्यामुळे मी फार रागावू शकलो नाही.) "ॲक्सेसरीज"ची फोड मागितली तेव्हा त्यातून अठरा हजारांचा वॉटर सॉफ्टनर आणि साडेचौदा हजारांचा प्रेशर पंप निघाला. पंप कुणी मागितला होता? कुणीच नाही. सॉफ्टनर का, तर त्यानं खिशातलं पेनसारखं यंत्र बादलीत बुडवून "टीडीएस जास्त आहे" असं दाखवलं होतं.

ते यंत्र पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतं. पाणी जड आहे की नाही, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहायची वेगळी चाचणी असते, तिचं किट थोडक्या पैशांत मिळतं. आम्ही केली. बोअरचं पाणी सहाशेच्या वर गेलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची कमाल मर्यादाच लिटरला सहाशे मिलिग्रॅमची आहे. कावेरीचं पाणी त्याच्या पावभरही नव्हतं. म्हणजे पोराचं निदान बरोबर होतं, यंत्र चुकीचं होतं.

आणि इथंच टाकी का मेली ते कळलं. गच्चीवर एकाच चौथऱ्यावर दोन टाक्या आहेत, एक कावेरीची, एक बोअरची. सोलरला जोड बोअरच्या टाकीचा. बारा वर्षांपूर्वी ज्यानं पाइप टाकला त्याला ती जवळ पडली असावी. आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, ॲनोड म्हणतात. टाकीच्या आधी तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. दोन-तीन वर्षांनी तो बदलायचा असतो. इथला दांडा बारा वर्षांत कुणी काढून पाहिलेलाच नव्हता. काढला तेव्हा हातात नुसती तार आली.

म्हणून मी नव्या टाकीला कावेरीचा जोड द्यायचा असं ठरवलं आणि सॉफ्टनर यादीतून गेला. जुन्या प्लंबरनं जोड बदलायचे अठ्ठावीसशे सांगितले. अठरा हजारांचं काम अठ्ठावीसशेत झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आता सगळ्यांना एकच कागद दिला: दोनशे लिटर, वीस नळ्या, आतून काचेचा लेप असलेली टाकी, ॲनोड, दोन किलोवॉटचं एलिमेंट, जुनं काढून खाली आणणं, पाइप, फिटिंग, कर वेगळा दाखवून. स्टेनलेस स्टील मुद्दाम नको म्हटलं. टाकीचे वेल्ड पाण्यातल्या क्लोराइडनं बारीक बारीक भोकं पडून जातात, आणि उन्हाळ्यात कावेरी आटली की कधी ना कधी बोअरचं पाणी वळवावं लागणारच. 2024 चा मार्च इथले लोक विसरलेले नाहीत.

कंपनीचा आकडा साडेशहाऐंशीवरून सेहेचाळीसवर आला. दुसरा एक छोटा डीलर होता, त्यानं आधी फोनवर सत्तावीस हजार सांगितले होते आणि मावशी त्यावरच खूश होत्या. त्याच्या कागदावर एलिमेंटचे बावीसशे, पाइप-फिटिंगचे साडेपाच हजार, जुनं काढून नवं चढवायचे तीन हजार आणि कर मिळवल्यावर आकडा एकोणचाळीस हजारांच्या थोडा वर गेला. कराची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. कंपनीच्या पहिल्या कागदावर सगळ्या बेरजेला सरसकट अठरा लावले होते. पोरानं लगेच दुरुस्त केलं.

सेहेचाळीस आणि एकोणचाळीस. सात हजारांचा फरक कशाचा? कंपनीची टाकीवर सात वर्षांची हमी, डीलरची पाच. हमीपत्र मागवून मी पाठची बारीक अक्षरं वाचली: पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा जड असेल तर हमी लागू नाही. कावेरीच्या जोडावर ती लागू झाली असती. तेव्हा हा फरक अगदीच पोकळ नव्हता. दोन्ही आकडे वाजवी होते, आणि मावशींना मी तसंच सांगितलं.

त्यांनी डीलर निवडला, कारण तो पाइपचं काम जुन्या प्लंबरला द्यायला तयार होता. पाणीटंचाईत त्यानं दोन मजले बादल्या चढवल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात होतं. संध्याकाळी कंपनीच्या पोराचा फोन आला, "सर, एक्केचाळीसला करून देतो." मावशींनी विचारलं, डीलरला हे सांगून आणखी खाली आणायचं का? मी नको म्हटलं. वाजवी किमतीच्या खाली ढकललेला माणूस पैसे कुठून तरी काढतो: पातळ पाइप, कमी इन्सुलेशन, नाहीतर ॲनोडच नाही.

टाकी चढवली त्या दिवशी प्लंबरनं मावशींना ॲनोडचा बोल्ट दाखवला, कुठल्या पान्यानं उघडतो तेही. त्यांनी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवला, त्यावर "दांडा बदलणे" आणि खाली नोव्हेंबर 2027 लिहिलं. जिवंत सतरा नळ्यांपैकी दोन त्यांनी ठेवून घेतल्या आहेत, कशाला ते अजून सांगितलेलं नाही.