गाडीची वरात

वाळवंटात जीप घेऊन जायचं ठरलं की लॉस एंजेलिसच्या आसपासच्या फोर बाय फोर मंडळींमध्ये पहिला वाद रूटवरून होत नाही. खाण्यापिण्यावरूनही होत नाही. तो होतो, गाडी तिथवर न्यायची कशी यावरून. चालवत न्यायची की ट्रेलरवर टाकून?

हे मी फोनवर आईला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘डोंगर चढणारी गाडी घेतलीत आणि रस्त्यावरून तिला उचलून नेता? मग डोलीतच बसवा की तिला!’

आईचं लॉजिक एकदम करेक्ट. पण तिने सातशे मैल जीपमध्ये बसून काढलेले नाहीत.

आमचं लाडकं ठिकाण म्हणजे युटामधलं मोआब. चहूकडे लाल खडक, वर निळंशार आकाश. 1967 मध्ये इथे पहिली ईस्टर जीप सफारी झाली. आजही त्या आठवड्यात मोआबमध्ये मोटेल मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं. लॉस एंजेलिसहून मोआब साधारण 700 मैल, म्हणजे 1,100 किलोमीटरच्या वर. आधी काहोन पासची चढण, मग बेकरनंतरची लांबच लांब चढण, लास व्हेगास, व्हर्जिन नदीची घळ आणि शेवटी इंटरस्टेट 70. त्यावर सलाइना ते ग्रीन रिव्हर या शंभराहून जास्त मैलांच्या पट्ट्यात एकही पेट्रोल पंप नाही.

आता आमची गाडी बघा. रँग्लर. उंच केलेली, 35 इंची मड टायर लावलेली. खडकावर हीच गाडी शेळीसारखी चढते. हायवेवर मात्र टायरचा घूं घूं आवाज असा की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायलाही ओरडावं लागतं. (लग्नाला चार वर्षं झालेल्यांना हा तोटा वाटेलच असं नाही!) वारा आला की स्टिअरिंग घट्ट धरायचं. एक गॅलनमध्ये जेमतेम 14 मैल. बारा-तेरा तासांनी मोआबला उतरलं की कान सुन्न आणि कंबर गायब.

ट्रेलरवाले सुखी?

आमच्या ग्रुपमधला नागपूरकर ट्रेलरवाला. भलामोठा पिकअप, मागे ट्रेलर, त्यावर चारही कोपऱ्यांना पट्टे आवळून बांधलेली त्याची गाडी. हा एसीत बसून जुनी गाणी ऐकत येतो आणि फ्रेश उतरतो.

पण त्याचे फंडे ऐकले की कळतं, हेही सोपं नाही. गाडी दोन टन, ट्रेलर जवळजवळ एक टन. म्हणजे मागे तीन टनांचं लटांबर. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, पिकअपच्या हुकवर यावा लागतो. गाडी ट्रेलरवर जरा मागे उभी राहिली की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. आणि कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर वेगमर्यादा ताशी 55 मैल. युटात बाकीची जनता 80 नं सुसाट जाते, तरी हा आपला सांभाळून, कारण ट्रेलरचे काही टायर 65 च्या वेगासाठीच बनवलेले असतात. दर गॅलनला मैल किती? दहा. म्हणजे ज्या प्रवासाला मला एका बाजूनं 50 गॅलन लागतात, तिथे याला 70.

तिसराही एक प्रकार आहे. ट्रेलर नकोच, जीपच्या पुढच्या बंपरला दांडा लावायचा आणि चारही चाकांवर तिला मागून ओढत न्यायची. रँग्लरचा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येतो, त्यामुळे चाकं फिरतात पण गिअरबॉक्सला काही होत नाही. फक्त एक गोष्ट करायची नाही. रिव्हर्स! त्यामुळे पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर कसं पडणार ते बघायचं. नाहीतर भर दुपारी जीप सोडवा, ढकला, पुन्हा जोडा.

खरा प्रश्न परतीचा

इथवर वाद सोयीचा आणि पैशांचा वाटतो. पण एका ट्रिपनं आम्हाला दुसरीच बाजू दाखवली.

त्या वेळी हेल्स रिव्हेंज या ट्रेलवर नागपूरकराचं पुढचं चाक खडकाच्या बेचक्यात अडकलं. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला आणि ‘कडाड!’ पुढच्या ॲक्सलचा यू-जॉइंट गेला. तो हसत खाली उतरला. आम्ही पट्ट्यानं ओढत, ढकलत गाडी बाहेर काढली, विंचनं ट्रेलरवर चढवली. संध्याकाळी तो कॉफीचा मग घेऊन घराकडे निघालासुद्धा.

त्याच दिवशी, रविवारी, आमच्या पुणेकराची गाडी एका पायरीवरून आपटली. पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा टाय-रॉड धनुष्यासारखा वाकला. नागपूरकराच्या मानाने नुकसान किरकोळ. जॅक लावून दांडा गावापर्यंत पोचण्याइतका सरळ केला. पण त्यावर फ्रीवेने सातशे मैल? कोणीच हो म्हणेना. पार्ट मिळाला मंगळवारी. सोमवारी सकाळी नऊला पुणेकराचं रिलीज होतं, ज्यासाठी त्यानं पाच महिने रात्री जागवल्या होत्या. ते दुसऱ्यानं केलं, टाळ्याही दुसऱ्यानंच घेतल्या. त्या वर्षी प्रमोशनच्या यादीत पुणेकराचं नाव नव्हतं. दोन्हींचा संबंध होता का? माहीत नाही. पण मोटेलच्या पायरीवर बसून मॅनेजरशी बोलतानाचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे.

मोठं नुकसान झालेला घरी वेळेवर पोचला, छोटं झालेला अडकला. ट्रेलर असलेला माणूस गाडी मोडायची परवानगी सोबत घेऊन येतो. चालवत आलेल्याकडे ती नसते.

झालं, परत आल्यावर माझ्या डोक्यात पिकअप शिरला. लोनचं बोलणंही झालं. सहा वर्षांचा हप्ता. बायकोनं लॅपटॉप काढला आणि शांतपणे एक्सेल उघडलं. पिकअपचा हप्ता, ट्रेलर, विमा. अपार्टमेंटमध्ये ट्रेलर ठेवायला जागा नाही म्हणून बाहेर जागेचं भाडं. मग तिनं विचारलं, ‘अरे, गेल्या वर्षी आपण वाळवंटात किती दिवस होतो?’

मोजले. नऊ!

नऊ दिवसांच्या मोकळेपणासाठी सहा वर्षं हप्ते. आणि ते भरायचे म्हणजे शनिवारचं कामसुद्धा हसत घ्यायचं. मग ते नऊ दिवस तरी उरणार का? लोन तिथेच बारगळलं.

मग आम्ही काय करतो?

आम्ही ट्रेल बघून ठरवतो. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधला व्हाइट रिम हा 100 मैलांचा कच्चा रस्ता 1950 च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी काढलेला. दऱ्यांच्या कडेकडेनं जाणारा. परमिट काढा आणि निवांत जा. तिथे आपली गाडी चालवत न्यायला काहीच हरकत नाही. टायरची हवा 35 वरून 18-20 पर्यंत उतरवायची, हायवेला लागण्यापूर्वी कॉम्प्रेसरनं पुन्हा भरायची, प्रत्येक नट-बोल्टवर हात फिरवायचा आणि सोमवारची सुट्टी आधीच टाकायची. आणि ज्या ट्रेलवर काहीतरी मोडणारच अशी पैज लावता येते, तिथे मोआबमध्येच भाड्यानं जीप घ्यायची. महाग पडते, पण पिकअपच्या एका हप्त्याहून जास्त नाही. फक्त भाड्याच्या करारातले बारीक अक्षरातले नियम नीट वाचायचे.

ट्रेलरवाल्यांना मी हसत नाही. ज्यांना अवघड खडकच चढायचेत, वर्षातून पंचवीस-तीस दिवस, त्यांनी ट्रेलरच घ्यावा. पण एकुलत्या एका गाडीनं जाण्यात मला एक वेगळी मजा सापडली आहे. याच गाडीनं मला घरी न्यायचंय, हे माहीत असलं की खडकासमोर उभं राहून माणूस खरंच विचार करतो. जमेल का, हे तर बघतोच. पण नाही जमलं तर काय, हेही बघतो. ऑफिसात हा दुसरा प्रश्न विचारला की निगेटिव्ह म्हणतात. वाळवंटात त्यालाच ड्रायव्हिंग म्हणतात.

हेल्स रिव्हेंजवर खडकातले मोठे खड्डे आहेत, हॉट टब नावाचे. ते घ्यायलाच हवेत असं नाही, बाजूनं वाट आहे. मी तीन वेळा गेलोय, तिन्ही वेळा बाजूनं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिन्ही वेळा पुढच्या कामाच्या दिवशी नऊच्या मीटिंगला मात्र मी हजर होतो. बुटांवर लाल धूळ होती आणि पार्किंगमध्ये तीच गाडी उभी होती.