कागद घराचे, वकील कोणाचा?

घर विकत घेणाऱ्या माणसाच्या हाती घराच्या किल्ल्यांआधी कागद येतात, आणि भिंतींची डागडुजी एक वेळ टळली तरी त्या कागदांचा सांभाळ टळत नाही. विक्रीचा करार असलेले साठेखत, मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करणारे खरेदीखत, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदीचा गोषवारा देणारी सूची क्रमांक 2, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणूनच ओळखतात, सोसायटीचे भागपत्र, अशा कागदांची फाइल मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात एका पिढीच्या उमेदीच्या वर्षांत जन्मते आणि पुढच्या पिढीच्या वाटणीपर्यंत टिकते. या आयुष्यात तिला निरनिराळ्या टप्प्यांवर वकिलाचा हात लागतो. अशिलांच्या तक्रारी फीबद्दल, विलंबाबद्दल आणि न समजणाऱ्या भाषेबद्दल असतात. परंतु त्या तक्रारींच्या तळाशी बहुधा एकच प्रश्न असतो आणि तोच वेळेवर विचारला जात नाही. हा वकील नेमका कोणाचा?

प्रश्न जुना आहे. शहरात सदनिका घेणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांत एखादे गहाणखत सापडते, आणि त्या गहाणखताच्या आठवणीत सावकाराइतकाच न्यायालयातला वकीलही असतो. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे नष्ट केले आणि दंगलीचे लोण आसपासच्या गावांत पसरले, तेव्हा लोकांचा राग ज्यावर निघाला ती वस्तू धान्य किंवा दागिने यांपेक्षा कागद ही होती, ही बाब विचार करण्यासारखी आहे. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायालयाला रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. याच कायद्याने गावपातळीवरील मुन्सफासमोर वकिलांना मज्जाव केला आणि न्यायालयात शेतकऱ्यासाठी वकील नेमण्याची सोयही ठेवली. एकाच कायद्यात वकिलाला दूर ठेवणारी आणि वकील मिळवून देणारी कलमे असावीत, यात वरवर विसंगती दिसते. वस्तुतः कायदा करणाऱ्यांना एवढे उमगले होते की, एकाच बाजूला वकील असणे हे कोणाच्याच बाजूला वकील नसण्यापेक्षा वाईट.

गहाणाचे आजचे नियम 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहेत. त्याच्या साठाव्या कलमानुसार कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क करारातील एखाद्या कलमाने हिरावून घेता येत नाही. हा हक्क बजावण्यासाठी दावा लावण्याची मुदत पूर्वी 60 वर्षे होती, ती 1963 च्या मुदत अधिनियमाने 30 वर्षांवर आली. वकील मालमत्तेचा जो ‘सर्च’ घेतात, म्हणजे जुन्या नोंदी उलगडून मालकीची साखळी तपासतात, तो सामान्यतः 30 वर्षांचा असतो, आणि या प्रथेचा संबंध त्याच मुदतीशी जोडला जातो. सातबारा, फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक, निबंधक कार्यालयातील सूची, असे एकेक पाहत वकील मागे जातो. कुठे एखाद्या वारसाची सही नसते, कुठे विक्री केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेली असते. अशा मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकतींसाठी साधारण 14 दिवस थांबावे लागते. अशिलाला हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, कारण एजंट रोज फोन करून दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगत असतो. वास्तविक चांगल्या वकिलाच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग या थांबण्यातच असतो, पण कोणतेही फळ न दिसणाऱ्या कामाचे पैसे देणे माणसाला नेहमीच जड जाते. शिवाय नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, ही समजूत घराघरांत पक्की आहे. नोंदणी कार्यालय दस्ताची नोंद करते, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

नव्या इमारतीतील सदनिका घेताना चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. विकासकाच्या जमिनीवरील हक्काविषयीचे प्रमाणपत्र कराराला जोडलेले असते; ते देणारा वकील विकासकाने नेमलेला असतो. कराराचा मसुदाही विकासकाच्या वकिलाने केलेला असतो. स्थावर संपदा अधिनियम 2016 मध्ये झाला, 2017 मध्ये महारेरा स्थापन झाले, आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला बंदी आली. त्यामुळे ग्राहकाचे बळ वाढले हे खरे. तरीही स्वतःचा वकील नेमून तो मसुदा वाचून घेणारा ग्राहक विरळाच. कारण विचारले तर एक ठरावीक उत्तर मिळते की, बँकेने कागद तपासले आहेत.

या उत्तराइतका महाग पडणारा विश्वास घरखरेदीत दुसरा नसावा. गृहकर्ज देणारी बँक आपल्या पॅनेलवरील, म्हणजे मान्यताप्राप्त यादीतील, वकिलाकडून हक्कपडताळणी करून घेते, त्याची फी बहुधा कर्जदाराकडूनच वसूल करते, आणि अहवाल मात्र बँकेच्या नावे लिहिला जातो. पुष्कळदा कर्जदाराला त्याची प्रतही मिळत नाही. पैसे देणारा एक आणि अशील दुसरा, अशी ही विलक्षण रचना आहे. तिच्यात कोणाचा कपटभाव असतोच असे नाही. बँकेचा वकील बँकेच्या गरजेपुरते पाहतो, आणि बँकेची गरज कर्जाच्या रकमेइतकी व कर्जाच्या मुदतीइतकी असते. घर घेणाऱ्याची गरज त्याहून लांबची असते. पार्किंगची जागा करारात नीट लिहिली आहे का, उरलेल्या चटईक्षेत्रावर हक्क कोणाचा, जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करून देणे, कधी होणार, या प्रश्नांनी बँकेचे तारण फारसे हलत नाही, परंतु रहिवाशांची वीस वर्षे त्यांत जाऊ शकतात. विकासकाने टाळाटाळ केल्यास जिल्हा उपनिबंधकाकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवण्याची तरतूद राज्याला कायदा दुरुस्त करून करावी लागली, यावरून हा प्रश्न किती घरांचा होता याचा अंदाज यावा.

अहवाल चुकीचा निघाला तर दाद कोठे मागायची, या प्रश्नाचे उत्तरही अशिलाला सुखावणारे नाही. पॅनेलवरील वकिलाने हक्काबद्दल चुकीचे मत दिले, एवढ्यावरून तो फसवणुकीच्या कटात सामील ठरत नाही, त्यासाठी त्याच्या प्रत्यक्ष सहभागाचा पुरावा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले. निष्काळजीपणाबद्दल किंवा व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल जबाबदारी येऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. पुढे मे 2024 मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. अशिलाचे वकिलावर थेट नियंत्रण असते, म्हणून ही वैयक्तिक सेवा आहे, असा त्यामागील एक युक्तिवाद आहे. मोठ्या खटल्यातील अशिलाबाबत तो पटण्यासारखा आहे. परंतु ज्या वकिलाचे नावही कर्जदाराला कर्ज मंजूर होईपर्यंत कळत नाही, त्याच्यावर कर्जदाराचे नियंत्रण ते कोणते?

हप्ते सुरू झाल्यावर फाइल बँकेच्या ताब्यात जाते. मूळ दस्त धनकोकडे ठेवून होणारे हे गहाण कायद्याला मान्य आहे, आणि महाराष्ट्रात त्याची सूचना 30 दिवसांत निबंधकाकडे नोंदवावी लागते. पुढची अनेक वर्षे वकील या कुटुंबाच्या दृष्टीआड असतो. हप्ते थकले तरच 2002 च्या सरफेसी कायद्याखालील 60 दिवसांची नोटीस घेऊन पुन्हा उगवतो, आणि तेव्हा तो कोणाचा याबद्दल शंका राहत नाही. हप्ते नियमित फेडणाऱ्यांचा त्रास वेगळा असतो. कर्ज संपूनही कागद परत मिळत नाहीत, ते दूरच्या गोदामात आहेत असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करणे बंधनकारक झाले आणि बँकेमुळे होणाऱ्या विलंबासाठी दररोज 5,000 रुपये भरपाई ठरली. वकिलाशिवाय केवळ एका अर्जाने ज्याचा उपयोग करता येतो, असा नियम या क्षेत्रात दुर्मिळ असल्याने त्याची विशेष नोंद घ्यावी.

फाइल परत येते तेव्हा घेणारा बहुधा निवृत्तीला आलेला असतो, आणि तिचा पुढचा प्रवास वारसांच्या हाती असतो. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक, ही येथील सर्वांत रुजलेली गैरसमजूत. महाराष्ट्रात सोसायटी अशा व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांचीच राहते. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात मुलगी 1956 पासून मुलाच्या बरोबरीने वारस आहे, आणि तरीही घर भावाच्या नावे करण्यासाठी बहिणीने हक्कसोडपत्र लिहून देणे हा अनेक कुटुंबांत रिवाजच समजला जातो. मसुदा घरच्या वकिलाचा असतो, त्याला भावाने बोलावलेले असते, आणि कटुता नको म्हणून बहीण त्यालाच आपलाही मानते. लिहून देणारीची ओळख पटवणे आणि दस्त तिने लिहून दिल्याची कबुली घेणे एवढेच दुय्यम निबंधकाचे काम. तिने कोणाचा सल्ला घेतला, हे विचारण्याची त्याच्यावर जबाबदारी नाही. काही वकील मात्र अशा वेळी आपण भावाचे वकील आहोत हे बहिणीला स्पष्ट सांगतात, तिला स्वतंत्र सल्ला घेऊन येण्यास सुचवतात आणि तसा उल्लेख दस्तात घालतात; त्यांच्याकडे काम आठवडाभर अधिक लांबते, आणि ते फार वेळ लावतात अशी तक्रार त्यांचे अशील पुढे अनेकांपाशी करत असतात.