हजार शेतकरी, सात मिनिटांत

तर झालं असं, की मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या जुन्या रूममेटचा फोन आला. "जागा आहेस ना? तुझ्याकडे किती पडून आहेत?" असा थेट प्रश्न. मला वाटलं गडी कुठेतरी अडकलाय. पण आवाज तर एकदम खूश. त्याच्या आधीच्या ऑफिसातल्या दोन सीनियर लोकांनी नोकऱ्या सोडून स्टार्टअप काढलंय, ओळखीपाळखीतून पैसे उभे करतायत, आणि हा त्यात आठ लाख टाकणार. फ्लॅटच्या डाउनपेमेंटसाठी साठवलेले. मी चार टाकावेत अशी त्याची इच्छा.

"पण आधी तू बघून घे. मशीन लर्निंगवाला तूच आहेस आपल्यात. तू हो म्हणालास की सोमवारी ट्रान्सफर करतो."

झालं! म्हणजे पैसे त्याचे, आणि जबाबदारी माझी. माझ्याकडे चार लाख होते, नाही असं नाही. पण ते गावाकडे बोअर आणि तुषार संच करायचा म्हणून बाजूला काढलेले. बाबांनी दोनदा विषय काढला होता आणि मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो.

पीडीएफ आलं. बावीस स्लाइड्स. एकात एक तीन वर्तुळं असलेली मार्केटची स्लाइड, वरच्या उजव्या कोपऱ्यात आपलाच लोगो असलेला तक्ता, सगळं रीतसर. कल्पना अशी: सिनेमा, सीरियल किंवा जाहिरात बाजारात आणण्याआधी लोकांना दाखवून बघतात. त्यासाठी माणसं गोळा करा, हॉल घ्या, फॉर्म भरून घ्या, त्यात आठवडे आणि पैसे जातात. मुंबईत ऑरमॅक्स मीडियासारखी कंपनी २००८ पासून प्रेक्षकांची नाडी बघण्याचंच काम करते. तर ही मंडळी म्हणतात की माणसांची गरजच नाही. तुम्ही व्हिडिओ चढवा, आमचं सॉफ्टवेअर एआयने हजार प्रेक्षक तयार करेल, आणि सात मिनिटांत तुम्हाला आकडा मिळेल. स्लाइड नंबर नऊवर मोठ्या अक्षरात, 'हजार शेतकरी, सात मिनिटं'. शेजारी फेटेवाल्या आजोबांचा फोटो.

आतून प्रकार काय असतो ते सांगतो, कारण बाहेरून ती जादू वाटते. व्हिडिओतून ठराविक अंतराने चित्रं काढायची, प्रत्येक चित्राचं वर्णन करून घ्यायचं, संवाद मजकुरात उतरवायचे. मग हे सगळं एका लँग्वेज मॉडेलला द्यायचं आणि सांगायचं, 'तू वाशीम जिल्ह्यातला ५८ वर्षांचा शेतकरी आहेस, पाच एकर कोरडवाहू, शिक्षण सातवी. ही जाहिरात बघून काय वाटलं?' वय, जिल्हा, शिक्षण बदलत बदलत हेच हजार वेळा. आलेल्या उत्तरांची सरासरी काढायची आणि रंगीत ग्राफ. खोटं नाहीये यात काही. २०२३ मध्ये 'पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात अमेरिकन संशोधकांनी दाखवलं होतं, की मॉडेलला खऱ्या मतदारांची पार्श्वभूमी दिली तर त्याची उत्तरं खऱ्या सर्व्हेच्या बरीच जवळ जातात. पण पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने लिहिलं, की सरासरी जुळते, माणसामाणसांतला फरक मात्र नाहीसा होतो. पहिला पेपर स्लाइडवर होता. दुसरा नव्हता. असो.

पिचचा कणा होता स्लाइड बारा. त्यांनी जुन्या मराठी सिनेमांचे ट्रेलर सॉफ्टवेअरला दाखवले आणि कोणता चालेल हे ओळखायला लावलं. 'सैराट' बरोब्बर वर! रूममेट या स्लाइडवर फिदा होता.

आता 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मराठी सिनेमा, २०१८ मध्ये त्याचा हिंदी रिमेक आला, आणि मधल्या काळात त्याच्यावर इंटरनेटवर जे काही लिहिलं गेलं ते सगळं वाचूनच हे मॉडेल मोठं झालंय. त्याला 'सैराट' ओळखायला लावणं म्हणजे फुटलेला पेपर देऊन पोराला बोर्डात आणण्यासारखं. मी नावं काढली, करमाळ्याचं रान काढलं, गोष्ट कोकणात नेली, मुलीला बुलेटऐवजी होडीत बसवलं. तरी तिसऱ्या ओळीला त्याने ओळखलं! आमच्या धंद्यात याला लीकेज म्हणतात, आणि नव्वद टक्के चमत्कार इथेच संपतात. (नव्वद हा आकडा माझा, अनुभवातून आलेला. स्लाइडवर टाकू नका.)

पिच म्हटलं की मला फाळके आठवतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितला असेल तर ठाऊक असेल. १९१२ साली सिनेमासाठी पैसे लावायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोप होताना पकडलं. महिन्याभराची वाढ मिनिटभरात. ते पाहून पैसेवाला पटला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यात सुंदर काय, तर फाळक्यांनी जे दाखवलं ते कुणीच आधी पाहिलं नव्हतं. आधीच उगवलेलं झाड दाखवून 'बघा, हे उगवणार असं मी ओळखलं होतं' असं ते म्हणाले नाहीत.

तरीपण मी लगेच 'नाही' कळवलं नाही. मित्राचा आवाज आठवत होता. शिवाय डेमोचं लॉगिन मिळालं होतं, त्यात त्यांनीच बनवलेली चाळीस सेकंदांची नमुना जाहिरात होती. शेतीची औषधं-बियाणी घरपोच देणाऱ्या एका काल्पनिक अ‍ॅपची. शहरातला मुलगा ऑफिसातून मोबाइलवर औषध ऑर्डर करतो, गावाकडे डबा पोचतो, बाबा पाठीवर पंप घेऊन फवारतात, हसतात, आई पदराला हात पुसत व्हिडिओ कॉलवर येते. शेवटी अ‍ॅपचा लोगो. हजार पर्सोनांचं मत १० पैकी ७.८. मी स्वतःही, रिझल्ट बघायच्या आधी, प्रामाणिकपणे एका कागदावर अंदाज लिहिला होता. आमच्याकडच्या लोकांना कितपत आवडेल? ८. मला वाटलं, मी तिकडचाच, मला नाही कळणार तर कोणाला?

पोळ्याला जोडून वीकेंड होता. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी वाशीम, पुढे एसटी. आमचं आसेगाव मंगरूळपीर तालुक्यात येतं, आणि 'वाशीम म्हणजे नक्की कुठे रे?' हा प्रश्न मी हिंजवडीत इतक्यांदा ऐकलाय की आता सरळ 'अकोल्याच्या खाली' सांगतो. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतो, त्यामुळे अगदीच खोटं नाही. घरची बैलजोडी विकून चार वर्षं झाली, पण पुरणपोळी आहेच. सोयाबीन कमरेला लागलेलं. घराघरांत फवारणीचेच दिवस.

संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप ठेवला. बाबा, आई, चुलतभाऊ, शेजारचे काका. जाहिरात लावली आणि विचारलं, दहापैकी किती?

चुलतभाऊ म्हणाला, "धा. मोबाइल कोणता हाये रे त्याच्याकडं?" काका म्हणाले, "शून्य." का? तर म्हणे जाहिरात हाये ना. जाहिरातीले कायचे मार्क! इथेच माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली. चार माणसांत दहा आणि शून्य दोन्ही मिळाले. हजार पर्सोनांत मी आकडे उतरवून पाहिले होते. सहाच्या खाली एकही नाही. हजार शेतकरी आणि एकही खवचट नाही? असं गाव मला दाखवा, मी तिथे प्लॉट घेतो.

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी परत लावायला सांगितली. मग पंपवाल्या चित्रावर थांबवायला सांगितली.

"हा हासून काऊन राह्यला?"

मला कळेना.

"तोंडाले फडकं नाई, हातात मोजे नाई, अन वाऱ्याच्या तोंडावर फवारून राह्यला. अन हासते."

काकांनी मान हलवली. कोणीच काही बोललं नाही थोडा वेळ. यवतमाळ जिल्हा आम्हाला लागून. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वरून अंगावर यायचा, आणि त्या चायना पंपाचा धूर तर विचारूच नका. त्या सीझनला आई बाबांना फवारायला जाऊ देत नव्हती, यावरून घरात रोज भांडण. मी तेव्हा इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. मला हे सगळं फोनवरून माहीत होतं. म्हणजे माहीत होतं, आणि तरी मी कागदावर ८ लिहिले होते.

सॉफ्टवेअरने त्याच चित्राखाली काय म्हटलं होतं सांगू? 'मेहनती, समाधानी शेतकरी. विश्वास वाढवणारे दृश्य.' त्याला यवतमाळ माहीत नाही असंही नाही. सरळ विचारलं तर २०१७ ची सगळी हकीकत घडाघडा सांगतं, मी विचारून बघितलं. पण शेतकरी होऊन जाहिरात बघताना त्याला ते आठवत नाही. बाबांना दुसरं काही आठवलंच नाही.

आणि आई? ती मघापासून गप्प होती. म्हणाली, "पोरगा शेवटी घरी येतच नाई का? फोनवरच?"

आता इथे माझी गोची आहे. कारण हे सॉफ्टवेअरने ओळखलं होतं! पन्नाशीपुढच्या बायकांच्या पर्सोनांनी अगदी हेच म्हटलं होतं, की शेवटी मुलगा घरी आला असता तर बरं वाटलं असतं. आणि मी माझ्या नोंदीत त्यापुढे लिहिलं होतं, 'घिसंपिटं, फिल्मी उत्तर. काही उपयोग नाही.' ती ओळ मी रात्री गच्चीवर बसून गुपचूप खोडली.

दूरच्या लोकांबद्दल अंदाज बांधून बसणं तसं नवीन नाही म्हणा. टीव्हीच्या टीआरपीत खेडी कितीतरी वर्षं नव्हतीच. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने पहिल्यांदा ग्रामीण घरांचे आकडे दिले आणि डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी, जुन्या मालिका दाखवणारी चॅनेल्स धडाधड वर आली. तोवर जाहिरातवाले त्यांना हिशोबातही धरत नव्हते. त्यासाठी कोणीतरी जाऊन त्या घरांत मीटर लावावं लागलं, बस.

परत आल्यावर दीड पानाचा रिपोर्ट लिहिला. लीकेज, एकसारखी मतं, पंपवाला. आईचं वाक्यसुद्धा लिहिलं, त्यांच्या बाजूने. फाउंडरशी कॉल झाला. माणूस हुशार आणि सभ्य, अजिबात चिडला नाही. म्हणाला, आत्ता तुमच्यासमोर करून बघू. त्याने चित्र बदललं, बाबाला मास्क, मोजे, गॉगल सगळं चढवलं आणि परत चालवलं.

७.५!

कारण दिलं होतं, 'मास्कमुळे शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान दिसत नाही.'

दोघेही काही सेकंद गप्प. मग तो म्हणाला, हे आम्ही प्रॉम्प्टमध्ये टाकू. मी विचारलं, टाका, पण पुढच्या जिल्ह्यात काय टाकायचं ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणाला, त्यासाठी फील्डवर माणसं पाठवावी लागतील. आणि मग स्लाइड नऊवरच्या सात मिनिटांचं काय, हे मी विचारलं नाही. त्यालाही कळलं होतं.

एक गोष्ट मात्र मी मागितली. यापुढे येणाऱ्या दहा मराठी सिनेमांचे अंदाज ट्रेलर आल्यावर, पण रिलीजच्या आधी एका फाइलमध्ये लिहा. फाइल मला देऊ नका, फक्त तिचा हॅश पाठवा. (हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. नंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा जुळत नाही.) दहा सिनेमे लागून गेले की फाइल उघडू. दहा म्हणजे फार नाहीत, पण पेपर निदान फुटलेला नसेल. तो हो म्हणाला, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

रूममेटला मी सांगितलं, आत्ता टाकू नकोस. तो म्हणाला, "तू ना, कायम सेफ खेळतोस. उद्या हे मोठे झाले तर?" मी म्हटलं, होतीलही. त्याने शेवटी आठऐवजी दोन टाकले, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या मेसेजला नुसता अंगठा दाखवत होता. काल मात्र स्वतःहून फोन केला, तोही रात्री साडेअकरालाच.

हॅश माझ्याकडे आहे. दहापैकी तीन सिनेमे लागून गेलेत. बोअरवाल्याला बाबांनी पितृपक्ष संपल्यावर बोलावलंय, आणि त्या दिवशी मी हजर पाहिजे असं आईने बजावलंय. तिकीट काढलंय.