ज्वारीची सेझॉन आणि माझा निकाल

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीने मंगळवेढ्याची ज्वारी घालून बेल्जियन पद्धतीची प्रायोगिक बिअर केली होती. मी ती चाखली, ‘बिघडलेली’ ठरवली आणि त्यांच्या अभिप्रायाच्या वहीत तसं लिहून आलो. ती बिघडलेली नव्हती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा फळ्यावर तिचं नाव नव्हतं, आणि नंतर ती पुन्हा केली गेली नाही. हे माझ्या एका ओळीमुळे घडलं असं नाही, पण तशा ओळी लिहिणाऱ्यांत मीही होतो. हातून काय काय चुकलं ते सांगायला हवं, कारण चाखणाऱ्याची चूक बनवणाऱ्याच्या नावावर जमा होते.

ती बिअर सेझॉन प्रकारची होती. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या दक्षिण भागातले शेतकरी ही बिअर थंडीत करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना प्यायला देत. तूर्प गावची दुपाँ ब्रुअरी आजही तिच्यासाठी नावाजलेली आहे. सेझॉनचं यीस्ट ३० अंशांच्या वरही जोमाने काम करतं. इतर बहुतेक यीस्ट इतक्या उष्णतेत नकोसे वास सोडतात. हे यीस्ट साखर जवळजवळ संपवून टाकतं, त्यामुळे बिअर कोरडी लागते. मसाला न घालताही तिला मिरी, लवंग आणि फळांचा वास येतो.

यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार, हीच माझी सवय. ग्लास समोर आला तेव्हा मी आणखी गार मागितला. “सर, तिला थोडा गारवा सोडू द्या, मग वास कळेल,” असं वाढणारा मुलगा म्हणाला. मी ऐकलं नाही. अतिगारव्यात फळांचा वास दबला. उरला तो आंबूसपणा आणि कोरडेपणा. शेवटी लवंगेचा वास आला, तो मला औषधाचा वाटला. तेवढ्यावर मी निकाल दिला.

या चुकीला नुसतं अज्ञानाचं कारण देता येत नाही, हे मला जास्त लागलं. वेळ अमावास्येला शेतात बसून ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील मी लहानपणापासून पीत आलोय. ज्वारी आंबली की कशी लागते, हे माझ्या जिभेला पुरतं माहीत आहे. शेतातल्या मडक्यातला आंबटपणा मला सणाचा वाटत होता आणि ग्लासातला दोषाचा, कारण त्या ग्लासात काय असावं हे मी आधीच ठरवून बसलो होतो.

त्या बिअरमागचे कष्टही मला नंतर कळले. बार्लीच्या माल्टमधली विकरं साधारण ६२ ते ६८ अंशांत स्टार्चची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते आणि मग माल्टच्या पाण्यात मिसळावी लागते. भाकरीच्या पिठाला आधण घालतात तसंच हे. ब्रुअरने हे सगळं सांभाळलं होतं. मी वहीत त्यावर एकच शब्द लिहिला: ‘बिघडलेली’.

दुसरी चूक याच्या उलट झाली. पहिलीची लाज वाटून मी वाचायला लागलो. ब्रसेल्सजवळच्या लँबिक बिअरमध्ये हवेतल्या यीस्ट-जिवाणूंना मुद्दाम वाव देतात, ओर्व्हाल मठाच्या बिअरमध्ये ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट वापरतात, हे कळलं. मग मला प्रत्येक विचित्र वासात कारागिरी दिसू लागली. एका ठिकाणी, नाव घेत नाही, नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास आणि जिभेवर लोण्यासारखा चिकट थर देणारी बिअर मी मित्रांसमोर ‘धाडसी’ म्हणून वाखाणली. थोड्या वेळाने तिथला ब्रुअर स्वतः येऊन ग्लास उचलू लागला. नळाची नळी नीट साफ झाली नव्हती, बिअर खराब झाली होती. मी दोषाला गुण म्हटलं होतं, आणि माझ्या भरवशावर मित्रांनी ती संपवली होती.

तिसरी चूक घरची. मे महिन्यात पुण्याहून सोलापूरला, जवळजवळ अडीचशे किलोमीटर, मी ताज्या, न गाळलेल्या सेझॉनचा ग्राउलर, म्हणजे बिअर घरी न्यायची मोठी बाटली, गाडीच्या डिकीत टाकून आणला. जिवंत यीस्टची बिअर दुपारभर तापली. घरी झाकण उघडताच निम्मी फेसातच गेली. उरलेली मी बर्फ घालून वाढली, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बर्फाने बिअर पातळ झाली. लाल तिखट आणि बुडबुडे मिळून तोंड पोळलं. मामेभाऊ म्हणाला, “दादा, बेल्जियमची म्हणजे हीच का?” ती बिअर चांगली होती, खराब केली मी, हे त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो. त्या घरात सेझॉनचं नाव तेव्हापासून वाईट आहे.

या चुका महाग का पडतात, तेही सांगतो. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. ‘इंडिपेन्डन्स’ ब्रुअरीच्या फोर ग्रेन सेझॉनसारख्या बिअरही पुणेकरांच्या ओळखीच्या झाल्या. पण स्थानिक धान्याचे प्रयोग थोडे आणि छोट्या घाण्याचे असतात. पहिल्या घाण्याला लोक काय म्हणाले, यावर दुसरा होणार की नाही हे ठरतं. आपल्या मालदांडी ज्वारीला भाकरी आणि हुरड्यापलीकडे आणखी एक वाट मिळावी असं वाटत असेल, तर चाखणाऱ्यांनीही मेहनत घ्यायला हवी.

आता मी आधी विचारतो: तुम्हाला काय साधायचं होतं? ग्लास दहा-बारा अंशांपर्यंत येऊ देतो. पहिला घोट पाण्याने तोंड धुऊन घेतो, तिखट नंतर. आंबटपणा ताकासारखा स्वच्छ आहे की घशाला टोचणारा, हे तपासतो. शंका असेल तर वहीत लिहिण्याआधी ब्रुअरशी बोलतो. त्या ज्वारीच्या सेझॉनच्या ब्रुअरलाही फोन करून माझा अभिप्राय चुकीचा होता हे सांगितलं आणि माफी मागितली. त्याने पुन्हा करायचं ठरवलं, तर मंगळवेढ्याहून ज्वारी मी पोचवणार आहे.