मुळशीच्या काठावर, रद्द तिकिटांचा हिशेब

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट आणि पौड ही गावे ओळीने लागतात. भूगावात मंगल कार्यालये, पिरंगुटला कारखाने. मुळशी तालुका डोळ्यांना दिसू लागतो तो पौडच्या पुढे. दिवाळीच्या सुट्टीत इथे भात कापणीला आलेले असते. पिवळी खाचरे, बांधावर ठेवलेले विळे, कापलेल्या पेंढ्या आणि हवेत नव्या भाताचा वास. पुणेकर या रस्त्याने पावसाळ्यात धावतात, ताम्हिणीच्या धबधब्यांसाठी. माझे मत विचाराल तर दिवाळीत यावे. रस्ता मोकळा असतो, आकाश धुतल्यासारखे असते आणि मुळशीचे पाणी काठोकाठ असते.

आम्ही गेलो त्या आठवड्यात खरे तर आम्ही मक्केत असायचो. मुंबई ते जिद्दा, चार तिकिटे: माझे पती, मी, आमचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांना मी अम्मीच म्हणते. उमराहचे पैसे अम्मींचेच होते. अब्बांच्या पेन्शनमधून महिन्यामहिन्याला बाजूला काढलेले. निघायला पाच आठवडे असताना त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले की पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात वायू भरला आहे आणि तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचे नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, तो वायू फुगतो आणि आहे ती नजरही जाऊ शकते. ज्यांच्या घरात वयस्कर माणसे किंवा मधुमेही आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. वायू विरायला किती आठवडे लागतील ते कोणता वायू भरला यावर अवलंबून असते आणि ते डॉक्टरच सांगू शकतात.

अम्मी म्हणाल्या, तुम्ही तिघे जाऊन या, माझ्यासाठी दुआ करा. आम्ही नाही म्हटले. त्यांच्या पैशाने त्यांना मागे ठेवून जाणे कुणालाच पटेना. मग प्रश्न उरला तिकिटांचा. एजंटने फोनवर एका वाक्यात निकाल दिला: ग्रुपचे भाडे आहे, नॉन-रिफंडेबल आहे, एक पैसाही परत येणार नाही.

बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. लोक ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतात आणि गप्प बसतात. मर्जी अल्लाहचीच, पण तिकिटाची पावती माणसाने लिहिलेली असते आणि ती वाचायला हवी. विमानाचे भाडे ही एकच रक्कम नसते. तिच्यात मूळ भाडे असते, काही वेळा इंधन अधिभार असतो, आणि त्याशिवाय कर व विमानतळांची शुल्के असतात. नॉन-रिफंडेबल असते ते भाडे. कर आणि विमानतळाचे शुल्क कंपनीचे नसतेच, ते ती आपल्याकडून दुसऱ्यासाठी गोळा करते. आपण उडालोच नाही तर ते आपल्याला परत मिळायला हवे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम तसाच आहे: भाडे परत न मिळणारे असले, अगदी प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही, तरी कर आणि शुल्के परत करायची. रद्द करण्याचा दंडही मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. पैसे कंपनीकडे जमा ठेवून पुढच्या प्रवासाला वापरायचे की हातात घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क प्रवाशाचा आहे. आणि तिकीट एजंटाकडून घेतले म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. परदेशी कंपनी असेल तर मात्र तिच्या देशाचे नियम लागू होतात. आमची कंपनी भारतीय होती.

आम्ही डॉक्टरांचे पत्र जोडून लेखी अर्ज दिला आणि दोन गोष्टी मागितल्या: वैद्यकीय कारणासाठी सवलत आणि ती नाकारली तर कर व शुल्कांचा परतावा, रकमेच्या तपशिलासह. सवलत नाकारली गेली. परतावा मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी आला. चार तिकिटांचे एक लाख बावन्न हजार गेले होते, एकवीस हजारांच्या आसपास परत आले. मोठी रक्कम नव्हे. पण ‘एक पैसाही नाही’ आणि एकवीस हजार यांत फरक आहे, आणि तो फरक विचारल्याशिवाय कुणी देत नव्हते.

पैसे येण्याच्या आधीच, ठरलेल्या प्रवासाच्या आठवड्यात, अम्मी म्हणाल्या की मला कुठेतरी उघड्यावर न्या. मान खाली घालून पडून राहण्याचे दिवस संपले होते, पण घराच्या भिंती त्यांना खायला उठल्या होत्या. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, मोटारीने जा, फक्त मोठा घाट चढून उंचावर जाऊ नका. मुळशी आणि पुण्याच्या उंचीत फारसा फरक नाही. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. म्हणून मुळशी.

धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही. ती टाटांच्या वीज कंपनीची आहे आणि तिथे पहारा असतो. पण रस्ता बराच वेळ पाण्याच्या काठाने जातो. आम्ही एका झाडाखाली चटई टाकली. समोर डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या. एका डोळ्यावर हिरवे झाकण असलेल्या अम्मी दुसऱ्या डोळ्याने बराच वेळ ते पाहत राहिल्या. जुहरची वेळ झाली तेव्हा मुलाने विचारले, आपण मुसाफिर आहोत ना, मग दोनच रकात? त्याला अंतर मोजून दाखवले. हनफी मताप्रमाणे कस्रला साधारण सत्त्याहत्तर किलोमीटर लागतात, मुळशी त्याच्या अलीकडेच संपते. पूर्ण चार रकात झाल्या.

चहा देणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले की उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. अम्मींना हे माहीत नव्हते. मुलाला शाळेत दोन ओळींत शिकवले होते. म्हणून मी सांगितले. हे पाणी मुळा नदीचे. पुढे भीमेत जायचे ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिरा येथे सोडले आणि त्यावर वीज केली. 1927 पासून ती मुंबईकडे जाऊ लागली. त्यासाठी या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला गेली. जमीन ताब्यात घेण्याच्या आधीच शेतात खोदकाम सुरू झाले होते. 1921 च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी खोदकामाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. तीन वर्षे लढा चालला आणि 1924 मध्ये मोडला. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून जमीन कंपनीला दिली आणि शेतकऱ्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम ठेवली.

“म्हणजे पैसे मिळाले,” अम्मी म्हणाल्या. “ज्याने विकायला काढलंच नव्हतं त्याला पैसे मिळाले.”

त्यांनी आमच्या तिकिटांची तुलना त्याच्याशी केली नाही, मीही करणार नाही. विमान कंपनीने आमचे शेत घेतले नव्हते. आम्ही अटी मान्य करून तिकीट घेतले होते. पण व्यवहार कागदावर पुरा झाला म्हणजे तो न्यायाचा झाला असे नाही, हे त्या पाण्याकडे पाहताना मुलालाही कळत होते.

आपल्या शरीअतमध्ये यासाठी एक सुंदर शब्द आहे: इकाला. व्यवहार पक्का झाला आहे, पण एकाला पस्तावा झाला किंवा अडचण आली, आणि दुसऱ्याने हक्क असूनही तो व्यवहार मोकळा केला, त्याला इकाला म्हणतात. जो असे करील त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. हा कायद्याचा दंडुका नाही, एहसान आहे. मागता येतो, हिसकावता येत नाही. इसाराची रक्कम जप्त करण्यावरही फुकहामध्ये मतभेद आहेत. हनफी, मालिकी आणि शाफिई बहुमत ती नाजायज मानते, हंबली मत परवानगी देते, आणि 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मुदत ठरलेली असेल तर ती जायज ठरवली. तिकिटाचे प्रकरण याहून वेगळे, म्हणून आपल्या मुफ्तींना विचारावे. आमच्यापुरते सांगायचे तर एजंटने नंतर स्वतःहून आपले सेवाशुल्क परत आणून दिले. त्याच्या वडिलांनी त्याला इकालाची आठवण करून दिली होती, म्हणाला. रक्कम लहान होती. त्या दिवशी अम्मींनी त्याला जेवल्याशिवाय सोडले नाही.

संपूर्ण परतावा अशक्य असतो असेही नाही. 2020 आठवा. 27 फेब्रुवारीला सौदी सरकारने उमराह थांबवला, मार्चअखेरीस आपल्याकडची विमाने बंद झाली आणि लाखो लोकांचे पैसे अडकले. कंपन्या पैसे देईनात, पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवू म्हणत. प्रवासी लीगल सेल ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1 ऑक्टोबर 2020 रोजी निकाल लागला. टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत, आधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत. कंपनी अडचणीत असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत जमा, तेही दुसऱ्याच्या नावे देता येईल असे आणि दरमहा थोडी वाढ धरून. त्याच वर्षी हज रद्द झाला तेव्हा दोन लाख तेरा हजार अर्जदारांचे पैसे कोणतीही कपात न करता खात्यात परत करण्याचे सरकारने जाहीर केले. पण हे सारे विमानेच उडाली नाहीत म्हणून. आपण स्वतः थांबलो तर नियम वेगळा. म्हणूनच तिकीट रद्द करण्याची फार घाई करू नये: मधल्या काळात कंपनीनेच उड्डाण रद्द केले तर पूर्ण परताव्याचा हक्क मिळतो. मात्र निघण्याच्या वेळेपूर्वी रद्द करायलाच हवे. जाण्याचा टप्पा न सांगता चुकवला तर येण्याचा टप्पाही आपोआप रद्द होतो.

मुळशीच्या काठावर हे नियमांचे बोलणे चालू असताना अम्मींनीच हुदैबियाचा विषय काढला. हिजरी सहाव्या वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) आणि सुमारे चौदाशे सहाबा इहराम बांधून, कुर्बानीची जनावरे घेऊन उमराहला निघाले आणि मक्केच्या वेशीवरून परत फिरले. तह झाला, पुढच्या वर्षी या असे ठरले. लोक इतके खचले होते की डोके मुंडवा आणि कुर्बानी करा म्हटले तरी कुणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी तंबूत सल्ला दिला की कुणाला काही बोलू नका, बाहेर जाऊन आपली कुर्बानी आधी करा. तसे झाले आणि सगळे उठले. अम्मींना या घटनेतली बाईची गोष्ट फार आवडते. आम्ही इहराम बांधलाच नव्हता, त्यामुळे आमच्यावर कुर्बानी किंवा कफ्फारा काही आला नाही, हे मुलाला वेगळे सांगावे लागले.

डोळ्यातला वायू आता विरला आहे आणि डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आहे. शव्वालमधली तिकिटे पाहून ठेवली आहेत. या वेळी अम्मींचे तिकीट तारीख बदलता येणाऱ्या भाड्याचे घेणार आहोत, ते सुमारे चार हजारांनी महाग पडते. आमची तिघांची स्वस्तातली. प्रवास विम्याचा कागदही मागवला. त्यात आधीपासून असलेल्या आजारांमुळे रद्द झालेला प्रवास वगळलेला आहे, आणि अम्मींना मधुमेह आहे. म्हणून विमा फक्त आम्ही तिघांनी घेतला.