गंधार थोडा चढा आहे!

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मी मराठी विभागात लिहितेय हे ऐकून रूममेट इतकी हसली की तिचा चहा जर्नलवर सांडला. (जर्नल तिचंच होतं, बरं झालं!)

तर विषय असा. आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सव, एकल वाद्यवादन, सुरवाद्य गट. वेळ दहा मिनिटं. वाद्य आजोबांची पेटी, जी मी दिवाळीच्या सुट्टीनंतर गावाहून मागून आणली होती. राग भूप.

भूपच का? पाचच स्वर म्हणून. सा रे ग प ध. सबमिशनच्या महिन्यात सात स्वर कोण सांभाळणार! पण स्वर कमी म्हणजे लपायला जागाही कमी, हे मला उशिरा कळलं. त्यात भूपाचा वादी गंधार. तो सोडून धैवतावर रेंगाळलात की त्याच पाच स्वरांचा देसकार व्हायला लागतो. म्हणजे गंधाराला चुकवून पळता येत नाही.

रेक्टर मॅडमनी मेसमध्ये रात्री नऊ ते दहा वाजवायची परवानगी दिली. एकीकडे ताटं घासल्याचा आवाज, दुसरीकडे डीप फ्रीझरची घरघर, मधे मोबाईलवरचा तानपुरा आणि मी. तबल्याला मेकॅनिकलचा सेकंड इयरचा एक मुलगा. तीन आठवडे आम्ही नुसत्या ताना बसवल्या. शाळेत असेंब्लीला मी पियानो वाजवायचे, सिस्टर स्केल्स घोटून घ्यायच्या, त्यामुळे उजवा हात पळतो चांगला. डाव्या हाताला भाता असतो, आणि त्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

एका रात्री फ्रीझर बंद पडला. (त्यातल्या आईस्क्रीमचं पुढे काय झालं ते विचारू नका.) मेस पहिल्यांदाच शांत. मी आलाप सुरू केला, गंधारावर थांबले, तर तबलेवाला म्हणाला, ‘‘ताई, गंधार डोलतोय.’’

‘‘डोलतोय म्हणजे?’’

‘‘ऐका ना.’’

खरंच, वॉंव-वॉंव-वॉंव असा आवाज येत होता. इतके दिवस मला तो ऐकूच आला नव्हता! कारण माझे कान पियानोवर तयार झालेले, आणि पियानोचा गंधारही असाच असतो.

रात्री रूमवर जाऊन कॅल्क्युलेटर काढला. (इंजिनिअर शेवटी!) शुद्ध गंधार षड्जाच्या १.२५ पट हवा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तो १.२६ पटीच्या जवळ जातो. माझा सा काळी एक, म्हणजे साधारण २७७ हर्ट्‌झ. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ३४६ च्या पुढे, पेटीचा ३४९. फरक जेमतेम तीनाचा, म्हणून सेकंदाला जवळजवळ तीन बीट्स. फिजिक्सच्या व्हायव्हात बीट्सची व्याख्या मी धडाधड सांगितली होती, पण त्या अशा माझ्याच मांडीजवळ वाजतील असं वाटलं नव्हतं. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीत मींड निघत नाही आणि स्वर असे ठरलेले, ही तक्रार तेव्हाचीच. त्या रात्री मला ती बंदी अगदी योग्य वाटली!

उपाय होता. शहरात पेट्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते म्हणाले, पितळी रीड मुळाशी थोडी खरवडली की स्वर उतरतो. पांढरी चारच्या सगळ्या रीड्स काढून तासाभरात करून देतो. मी हो म्हणणारच होते, पण पेटी आजोबांची, म्हणून फोन केला.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘खरवड की. पेटी आता तुझीच आहे. फक्त बुवांना सांगायला लागेल.’’

‘‘बुवांना कशाला?’’

‘‘त्यांची पट्टी पांढरी चार. भजनाला कायम तिथूनच लावतात. तुझा गंधार तोच त्यांचा सा आहे, पोरी.’’

मी हिशेब केला. माझा गंधार सुधारला की बुवांचा सा उतरणार आणि बाकीची पेटी त्यांना बेसूर होणार. पुढे काय बोलावं ते सुचेना. आजोबा रागावले असते तर वाद तरी घालता आला असता.

‘‘मग मी काय करू?’’

‘‘गंधारावर बसू नकोस. टेकून ऊठ. आणि तिथे भाता हलका ठेव. तानपुऱ्याला गाऊ दे ना तो गंधार, तो तुझ्या आधीपासून गातोय.’’

काकांना नाही कळवलं. राहिले होते नऊ दिवस. ताना निम्म्या कापल्या (रडू आलं, खोटं कशाला बोलू), आणि रोज तासभर फक्त डावा हात. रिषभाचा कण घेऊन गंधाराला स्पर्श, भाता सैल, की पंचम. भाता जास्त सैल सोडला तर स्वरच मरतो, थोडा दाबला की वॉंव-वॉंव सुरू. सहाव्या दिवशी दोन वेळा जमलं. तबलेवाला काही बोलला नाही, फक्त ठेका थोडा हळू धरला.

स्पर्धेत माझा सातवा नंबर. सुरुवात बरी झाली. मग समोर आमच्या हॉस्टेलची गँग दिसली, हुरूप आला आणि मी गंधारावर चक्क बसले! पूर्ण एक आवर्तन. परीक्षकांपैकी एक सतार वाजवणारे होते, त्यांनी मान वर केली. नंतर म्हणाले, ‘‘हात तयार आहे. गंधार थोडा चढा आहे.’’ मला ३४६, ३४९, बुवा, सगळं एकदम तोंडाशी आलं. मी म्हटलं, ‘‘हो सर.’’

नंबर आला नाही. पहिला बासरीला गेला. बासरीवाल्याला ओठ जरा वळवला की गंधार हवा तिथे मिळतो, नशीबवान!

संध्याकाळी आजोबांना फोन केला. निकाल सांगितल्यावर ‘‘बरं’’ म्हणाले आणि विचारलं, ‘‘पेटी कधी पाठवतेस? शुक्रवारी एकादशी आहे.’’

गुरुवारी प्रॅक्टिकल बुडवून मी एसटीने पेटी घेऊन निघाले. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं. त्याने पेटीचं लगेजचं तिकीट फाडलं आणि ती खिडकीजवळच्या सीटवर ठेवायला लावली. मी उभी होते.